मॉनिटर झोपतच नाही: एचडीएमआय हॉटप्लगवरच्या तोडग्याचे परीक्षण हवे आहे

अर्धविराम (धागाकर्ता)

नमस्कार. लिनक्सच्या एका ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी मी जेमतेम चाळीस ओळींचा पॅच (कोडमधला बदल) लिहिला आहे. तो पुढे धाडण्यापूर्वी इथल्या जाणकारांच्या नजरेखालून जावा, अशी इच्छा आहे. ओळी थोड्या असल्या तरी त्या इंटरप्टच्या (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेल्या हाकेच्या) वाटेवर आहेत, त्यामुळे मला स्वतःवर पूर्ण भरवसा नाही.

अडचण अशी आहे. संगणक काही वेळ कोणी वापरला नाही, की डेस्कटॉप पडद्याला जाणारा सिग्नल बंद करतो. सिग्नल गेल्यावर माझा मॉनिटर आपल्या बाकीच्या इनपुटांवर काही सापडते का ते चाचपतो आणि ते करताना एचडीएमआयची हॉटप्लगची तार (पडदा जोडला आहे हे संगणकाला सांगणारी) क्षणभर खाली ओढून पुन्हा वर सोडतो. ड्रायव्हरला वाटते की केबल निघाली आणि परत लागली. तो तसे डेस्कटॉपला कळवतो, डेस्कटॉप नवा पडदा आला असे समजून सिग्नल चालू करतो आणि मॉनिटर उजळतो. ठरलेला वेळ गेला की पुन्हा तोच खेळ सुरू होतो. पडदा बंद ठेवायचा तर मॉनिटरचे बटणच दाबावे लागते.

तोडगा म्हणून मी हॉटप्लगचा इंटरप्ट आल्याबरोबर काम न करता दीड सेकंद थांबतो. या अवधीत आणखी इंटरप्ट आला तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. दीड सेकंद शांततेत गेल्यावर तारेची स्थिती वाचतो आणि ती आधीसारखीच असेल तर कोणालाही काही न कळवता परत फिरतो. हे सर्व कनेक्टरांना (पडदा जोडण्याच्या सगळ्या जागांना) लागू केले आहे. तीन आठवडे वापरतो आहे, मॉनिटर शांत झोपतो. काय चुकले असेल ते निःसंकोच सांगावे.

जुनी केबल

पॅच पाहण्याआधी निदानाची खात्री करून घेऊ. तार खरोखरच हलते आहे, हे आपण कशावरून ठरवले? सैल केबल किंवा मधला एखादा अडॅप्टर हाच प्रकार हुबेहूब घडवून आणतो. एचडीएमआयच्या नेहमीच्या जोडणीत १८ क्रमांकाच्या पिनेवर संगणक पाच व्होल्ट देतो आणि मॉनिटर तेच व्होल्टेज एका रोधकातून १९ क्रमांकाच्या पिनेवर परत पाठवतो. ही परतीची खूण म्हणजेच हॉटप्लग. त्यामुळे अठराव्या पिनेचा संपर्क डळमळीत असला तरी एकोणिसावी पिन खाली जाते आणि दोष मात्र बिचाऱ्या मॉनिटरच्या माथी येतो.

अर्धविराम

रास्त शंका. केबल दोनदा बदलली आणि मधे अडॅप्टर नाही. डीआरएमचे (लिनक्स कर्नलच्या ग्राफिक्स विभागाचे) डीबग संदेश चालू करून लॉग घेतला. सिग्नल बंद झाल्यावर साधारण दोन सेकंदांनी तार खाली जाते, चारशे मिलिसेकंदांच्या आसपास खालीच राहते आणि वर येते. तीन-चार सेकंदांनी आणखी एकदा तसेच होते आणि मग शांतता. दर वेळी हाच क्रम आणि जवळजवळ हेच अंतर दिसते. सैल केबल इतकी शिस्तीची नसते. शिवाय मॉनिटरच्या मेनूत इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद केली की ही स्पंदने थांबतात.

जुनी केबल

मग निदान पक्के. ती सोय बंद ठेवा असे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो, पण सगळ्याच मॉनिटरांच्या मेनूत ती सापडत नाही.

तिसरा डोळा

पॅच दोनदा वाचला. हेतू योग्य आहे, परंतु सध्याच्या रूपात तो स्वीकारू नये असे माझे मत आहे. कारणे सविस्तर लिहितो, कारण यातल्या दोन चुका तीन आठवडेच काय, तीन वर्षे वापरूनही तुमच्या यंत्रावर दिसणार नाहीत.

सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे ‘सर्व कनेक्टरांना’ हे शब्द. डिस्प्लेपोर्टवर हॉटप्लगची तार फक्त ‘जोडले’ आणि ‘तुटले’ एवढेच सांगण्यासाठी नसते. पडद्याला संगणकाचे लक्ष वेधायचे असेल तर तो तीच तार अर्धा ते एक मिलिसेकंद खाली ओढतो. दोन मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ ती खाली राहिली, तरच संगणकाने जोडणी तुटली असे समजायचे असते. ही छोटी हाक आल्यावर ड्रायव्हरने ऑक्स वाहिनीवरून (डिस्प्लेपोर्टमधल्या संवादाच्या वेगळ्या वाटेवरून) पडद्याची रजिस्टरे वाचून लिंक शाबूत आहे की पुन्हा ट्रेनिंग (दोन्ही टोकांची जुळवणी) करावे लागेल ते पाहायचे असते, आणि एका तारेवर अनेक पडदे जोडले असतील तर त्यांचे निरोपही याच हाकेने येतात. तुमचा पॅच अशी प्रत्येक हाक दीड सेकंद कानाआड करतो आणि नंतर तार वरच आहे हे पाहून विसरून जातो. लिंक बिघडली आणि पडदा काळा पडला, तर तो काळाच राहील. तुमच्याकडे एचडीएमआयच असल्यामुळे हे तुम्हाला कधी दिसले नाही.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. तुम्ही कर्नलचे ‘मॉड डिलेड वर्क’ हे फंक्शन वापरले आहे, म्हणजे प्रत्येक नव्या इंटरप्टला मुदत पुढे सरकते. दर सेकंदाला एकदा थरथरणारी तार असेल तर ते काम कधीच चालणार नाही आणि केबल खरोखर काढली तरी डेस्कटॉपला पत्ता लागणार नाही. ‘क्यू डिलेड वर्क’ वापरले तर उलट होते: काम आधीच रांगेत असेल तर मुदत बदलत नाही, त्यामुळे काम नक्की चालते, पण नेमके तार खाली असण्याच्या क्षणी चालण्याचा धोका राहतो. पहिले निवडायचे असेल तर पहिल्या इंटरप्टची वेळ नोंदवून ठेवा आणि एका कमाल मर्यादेपलीकडे मुदत वाढवू नका.

तिसरा मुद्दाही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. तुम्ही तारेला ‘जोडलेले आहे का?’ असे विचारता आणि उत्तर पूर्वीचेच आले की निघून जाता. पण एचडीएमआयमध्ये पडद्याला आपली ईडीआयडी (स्वतःची ओळख व क्षमता सांगणारी माहिती) बदलल्याचे कळवायचे असेल तर तो हेच करतो: तार किमान १०० मिलिसेकंद खाली ठेवून वर सोडतो. मध्ये ध्वनिवर्धक संच असेल आणि त्याच्यापुढचा टीव्ही बदलला, तर संगणकाला कळण्याचा हाच मार्ग आहे. तुमच्या दीड सेकंदाच्या जाळीत ते स्पंदन नाहीसे होईल, कारण दोन्ही टोकांना उत्तर ‘जोडलेले’ हेच येते. म्हणून प्रश्न बदलायला हवा. ‘मधल्या वेळात काही बदलले का?’ हे विचारा आणि त्यासाठी ईडीआयडी पुन्हा वाचून जुन्या प्रतीशी ताडून पाहा. डीआरएमच्या गाभ्यात प्रत्येक कनेक्टरला एक बदल-गणक आहे, जो स्थिती किंवा ईडीआयडी बदलली की वाढतो. त्याचाच वापर करा, स्वतःचे वेगळे खाते उघडू नका.

कोरी वही

विषय नवा आहे, म्हणून भाबडा प्रश्न विचारतो. इंटरप्ट इतका लबाड असेल तर तो बंदच करून दर काही सेकंदांनी स्वतः जाऊन का पाहू नये?

तिसरा डोळा

प्रश्न भाबडा नाही, ती सोय डीआरएममध्ये आहेच. ज्या कनेक्टरांना हॉटप्लगचा भरवशाचा इंटरप्ट नाही, त्यांची दर दहा सेकंदांनी पोलिंगने विचारपूस होते. पण त्याची किंमत मोजावी लागते. जोडलेला पडदा ओळखायला दहा सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो आणि दर फेरीला झोपलेल्या ग्राफिक्स चिपला उठवावे लागते. मॉनिटरला झोपू देण्यासाठी चिपची झोप घालवायची, हा सौदा मला पटत नाही.

मधला मार्ग मात्र आहे. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये एकाच पिनेवर इंटरप्टांचे वादळ उठले तर त्या पिनेचा इंटरप्ट बंद करून तिला पोलिंगवर टाकतात आणि दोन मिनिटांनी इंटरप्ट पुन्हा चालू करून पाहतात. वादळ म्हणजे किती, तर एका सेकंदाच्या अवधीत गुणांचा उंबरठा ५०, त्यात लांब स्पंदनाचे १० गुण आणि छोट्याचा १. अर्धविराम यांच्या मॉनिटरची काही सेकंदांतली दोन स्पंदने या उंबरठ्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे तो उपाय इथे लागू पडत नाही.

जुनी केबल

तारेवर विश्वास ठेवावा की ईडीआयडीवर, हा वाद जुना आहे. इंटेलच्याच ड्रायव्हरमध्ये २०१५ साली असा बदल आला होता की आधी तारेची थेट स्थिती पाहायची आणि ती ‘नाही’ म्हणाली तर ईडीआयडी वाचायच्या फंदात पडायचे नाही. ऐकायला किती शहाणपणाचे वाटते! प्रत्यक्षात काही जुन्या चिपांवर ते स्थितीचे रजिस्टर भरवशाचे निघाले नाही आणि विशिष्ट मॉनिटर व केबल यांच्या जोड्या ‘नाहीतच’ असे ठरू लागले. २०१६ मध्ये ती तपासणी सैल करावी लागली.

ईडीआयडी वाचण्याचा खर्च फारसा नाही. एक खंड १२८ बाइटांचा, डीडीसी (ती वाचण्याची वाहिनी) १०० किलोहर्ट्झवर चालते आणि प्रत्येक बाइटला पोचपावतीसह नऊ ठोके लागतात, म्हणजे खंडाला बारा मिलिसेकंदांच्या आत-बाहेर. दोन खंड असले तरी पंचवीस. दीड सेकंद थांबणाऱ्याला पंचवीस मिलिसेकंदांची काळजी नसावी.

अर्धविराम

तिसरा डोळा यांचे मनःपूर्वक आभार. डिस्प्लेपोर्टच्या छोट्या हाकेविषयी मी वाचले होते, पण माझा पॅच तिच्या वाटेत येतो हे ध्यानात आले नव्हते. दुसरी आवृत्ती लिहिली आहे. आता तोडगा फक्त एचडीएमआयपुरता आहे, मुदतीला तीन सेकंदांची कमाल मर्यादा आहे आणि मुदत संपल्यावर ईडीआयडी वाचून बदल-गणक पाहतो. गणक हलला नसेल तरच गप्प बसतो.

ठोका

दुसरी आवृत्तीही एका ठिकाणी फसेल. ईडीआयडी तीच राहिली, स्थिती तीच राहिली, तरीही स्पंदनाला अर्थ असतो, असे एक प्रकरण आहे. मी ते स्वतः भोगले आहे, म्हणून बारकाईने लिहितो.

एचडीएमआय २.० मध्ये टीएमडीएसचा (चित्र वाहून नेणाऱ्या सिग्नलचा) वेग ३४० मेगाहर्ट्झच्या वर गेला की माहिती स्क्रॅम्बल करून (ठरलेल्या रीतीने विस्कटून) पाठवावी लागते. प्रति सेकंद ६० चौकटींचे फोर-के चित्र नेहमीच्या रंगमांडणीत ५९४ मेगाहर्ट्झवर जाते, म्हणजे ते या मर्यादेच्या बरेच पलीकडे आहे. ‘मी आता स्क्रॅम्बल केलेले पाठवणार आहे आणि घड्याळाचे गुणोत्तर दहाऐवजी चाळीस असेल’ हे ड्रायव्हर पडद्याच्या एससीडीसी नावाच्या, अशा सूचनांसाठीच्या रजिस्टरांत लिहून ठेवतो. ही रजिस्टरे ईडीआयडीच्याच तारांवर, पण वेगळ्या पत्त्यावर असतात. गोम अशी आहे की पडद्याने हॉटप्लग खाली घेतली की तो ही नोंद पुसून टाकतो. तार वर आल्यावर संगणक पूर्वीप्रमाणे स्क्रॅम्बल केलेले चित्र पाठवत राहतो आणि पडदा ते साधे समजून उलगडायला जातो. परिणामी पडदा काळा, ‘सिग्नल नाही’ अशी पाटी आणि इकडे ड्रायव्हरच्या लेखी सारे आलबेल.

२०१८ मध्ये इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये नेमका हाच प्रकार दुरुस्त झाला. त्या वेळचा एक फोर-के टीव्ही बंद केल्यावर तार खाली घेत नसे, पण पुन्हा चालू केल्यावर एक स्पंदन देई आणि तोवर स्क्रॅम्बलिंगविषयी सांगितलेले सगळे विसरलेला असे. उपाय म्हणून हॉटप्लग आला की एससीडीसीची नोंद वाचून पाहतात आणि ती आपण लिहिलेल्याशी जुळली नाही तर त्या आउटपुटचा पूर्ण मोडसेट (चित्राची मांडणी नव्याने लावणे) पुन्हा करतात. नुसती नोंद परत लिहून भागत नाही, कारण आधी पडद्याला सांगायचे आणि मगच स्क्रॅम्बल केलेले पाठवायचे, असा क्रम मानकात आहे.

म्हणजे चित्र चालू असताना आलेल्या स्पंदनावर तुम्ही दीड ते तीन सेकंद काही करत नाही आणि नंतर ईडीआयडी तीच आहे म्हणून कायमचे सोडून देता. आज तुमच्या ड्रायव्हरमध्ये ही तपासणी हॉटप्लगच्या वाटेवरच होते. तुमचा पॅच ती वाट अडवतो.

तिसरा डोळा

ठोका यांचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता आणि तो माझ्या तिन्ही मुद्द्यांहून वजनदार आहे. यावरून मांडणीच बदलावी असे वाटते. आपण दोन्ही कडांना (तार खाली जाण्याला आणि वर येण्याला) सारखेच थांबवत आहोत, हे मुळात चूक आहे. तार खाली गेली तर थांबावे, कारण ती लगेच वर येण्याची शक्यता असते. तार वर आली तर थांबण्याचे काहीच कारण नाही: ताबडतोब ईडीआयडी वाचा, आउटपुट चालू असेल तर एससीडीसी तपासा आणि काही बदलले असेल तरच डेस्कटॉपला कळवा. आउटपुट बंद असेल तर एससीडीसीला हात लावण्याची गरज नाही, कारण पुढच्या वेळी ते चालू करताना नोंद नव्याने लिहिली जाणारच आहे. अर्धविराम यांचे मूळ प्रकरण याच शेवटच्या खान्यात पडते, म्हणून त्यांचा मॉनिटर झोपलेला राहील.

याचा आणखी एक फायदा असा की नवा पडदा जोडणाऱ्याला दीड सेकंद वाट पाहावी लागत नाही. पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत ती पाहावी लागत होती आणि तशी तक्रार आठवड्याभरात आली असती.

कोरी वही

तार वर येताच ईडीआयडी वाचली आणि केबल अजून नीट बसलीच नसेल तर?

जुनी केबल

तर वाचन फसेल. केबल सावकाश घालता-काढताना सगळ्या पिना एकाच क्षणी जुळत किंवा सुटत नाहीत. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये २०१९ पासून अशा वेळी सुमारे एका सेकंदाने पुन्हा पाहण्याची सोय आहे, आणि ती दोन प्रकरणांसाठी आणली गेली: सावकाश काढलेली एचडीएमआय केबल आणि वीज न मिळालेले टाइप-सी डोंगल. तसा एक पुनर्प्रयत्न इथेही ठेवावा. एकच ठेवावा, अनंत नको.

अर्धविराम

तिसरी आवृत्ती याच मांडणीने लिहिली. ती चालवताच कर्नलच्या लॉकडेपने (लॉकांची कोंडी शोधणाऱ्या तपासनिसाने) लाल बावटा दाखवला, तो इथे नोंदवतो. कनेक्टर बंद करण्याच्या वाटेवर मी रांगेतले काम रद्द करून ते संपेपर्यंत थांबतो आणि त्या वेळी मोड कॉन्फिगचे म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे लॉक) माझ्या हातात असते. ते काम स्वतः ईडीआयडी वाचताना तेच म्युटेक्स मागते. म्हणजे मी त्याच्यासाठी थांबलेलो आणि ते माझ्यासाठी. आता लॉक घेण्यापूर्वीच काम रद्द करतो.

दुसरे, निलंबनाच्या वेळी रांगेत काम शिल्लक असेल तर ते रद्द करतो आणि परत जागे झाल्यावर सर्व कनेक्टर नव्याने तपासतो, कारण झोपेत कोणी केबल बदलली तर इंटरप्ट येणार नाही.

ठोका

लॉकचा क्रम बरोबर वाटतो. एक राहिले आहे. विलंबाने चालणारे तुमचे काम स्थितीचे रजिस्टर वाचते, पण त्याआधी रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचा हवाला (चिपला जागे ठेवण्याची मागणी) घेत नाही. दीड सेकंदात चिप झोपली असेल तर पीसीआय उपकरण उत्तर देत नाही आणि वाचनात सगळे एक येतात. तुम्ही त्यातला एक बिट तपासता, तो अर्थातच एक असतो, आणि निष्कर्ष निघतो ‘जोडलेले आहे’. केबल टेबलावर पडलेली असली तरी! हवाला घ्या, वाचा, मग सोडा.

सावध वाचक

धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. हा तोडगा सर्वांना लागू करण्यापेक्षा मॉड्यूलचा पर्याय म्हणून ठेवावा आणि मूळ मूल्य शून्य असावे, असे सुचवतो. किंवा ईडीआयडीतल्या तीन अक्षरी निर्मात्याच्या खुणेवरून व उत्पादन-क्रमांकावरून फक्त या मॉनिटरांची यादी करावी.

तिसरा डोळा

यादीला माझा विरोध आहे. इनपुट चाचपणारे मॉनिटर किती आहेत याला सीमा नाही, यादी कधीच पुरी होणार नाही आणि प्रत्येक नवा वापरकर्ता आधी रात्र वाया घालवून मग यादीत नाव घालायला येईल. पर्यायाबद्दल मात्र तडजोड मान्य आहे. वरच्या कडेवरचे वागणे सर्वांना लागू असावे, कारण तिथे आपण काही लपवत नाही, उलट अधिक तपासतो. खालच्या कडेवरच्या थांबण्याची मुदत पर्यायाने बदलता यावी आणि शून्य दिल्यास जुने वागणे परत यावे. मूळ मूल्य दीड सेकंद ठेवण्यापेक्षा कमी करता येईल का? तुमच्या लॉगमधले स्पंदन चारशे मिलिसेकंदांचे आहे.

अर्धविराम

सातशे ठेवून पाहिले, पुरते. हवाला घेण्याची दुरुस्तीही केली. चाचण्या अशा: मॉनिटर रात्रभर झोपलेला राहिला, लॉगमध्ये स्पंदनांच्या नोंदी आहेत पण डेस्कटॉपला एकही सूचना गेली नाही. चित्र चालू असताना केबल काढल्यावर पाऊण सेकंदात खिडक्या दुसऱ्या पडद्यावर गेल्या, पुन्हा लावल्यावर लगेच परतल्या. मित्राच्या फोर-के टीव्हीवर ६० चौकटींचे चित्र चालू ठेवून टीव्ही बंद-चालू केला, तेव्हा एससीडीसी जुळत नसल्याची नोंद आली, मोडसेट झाला आणि चित्र परतले. त्याच टीव्हीवर माझी दुसरी आवृत्ती मुद्दाम चालवली. ठोका यांनी सांगितल्याप्रमाणे पडदा काळाच राहिला.

ठोका

हा शेवटचा प्रयोग पॅचच्या निवेदनात अवश्य लिहा. पुढे कोणी ‘हे सोपे करू’ म्हणून वरच्या कडेलाही थांबवायला निघाला, तर त्याला तो वाचायला मिळेल.

तिसरा डोळा

तिसऱ्या आवृत्तीला माझी संमती आहे, रिव्ह्यूड-बायची (परीक्षकाच्या नावाची) ओळ घालायला हरकत नाही. फक्त एक शब्द बदला. कोडमधल्या टिपणीत ‘सदोष मॉनिटरसाठी’ असे लिहिले आहे. तार १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली ठेवून वर सोडणे मानकात बसते, मॉनिटर सदोष नाही. ‘झोपेत इनपुट चाचपणाऱ्या मॉनिटरसाठी’ असे लिहा.

अर्धविराम

बदलले. आज रात्री पाठवतो.